भावाला हक्कसोड दिलं, पण मन मोकळं होईना: एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही समजेल. तुमचं माहेर औसा तालुक्यातलं, सासर केजकडचं. वडील, म्हणजे अण्णा, जाऊन सहा वर्षं झाली. तेराव्यानंतर आठवडाभरातच भावानं हक्कसोडपत्राचा विषय काढला. "कागदापुरतं आहे, माहेर तुझंच" म्हणाला आणि तुम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन सही केली. पहिल्या दिवाळीला माहेरी न्यायला मुराळी आला. त्यानंतर ना पंचमीला कुणी आलं, ना भाऊबीजेला. आता वैशाखात लेकीचं लग्न आहे आणि मामाला बोलवायचं की नाही यावरून घरात रोज वाद होतोय. तुम्ही लिहिता, "मला जमीन नको, भांडण नको. हलकं, साधं जगायचंय. सगळे म्हणतात सोडून दे, कशाला जुनं उकरून काढायलीस. पण कसं सोडायचं ते कुणी सांगत नाही."

तुमची ही तक्रार रास्त आहे. लातूर, अंबाजोगाई, धाराशिव या पट्ट्यात समुपदेशन करताना ज्या बायका माझ्याशी बोलतात, त्यांतल्या बहुतेकींना हाच सल्ला मिळालेला असतो आणि त्यांनी तो मनापासून पाळूनही पाहिलेला असतो. तो चालत नाही, यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. नंतर "आता खुशाल विचार करा" म्हटल्यावर या मुलांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. दाबलेला विचार परत येतो तेव्हा जोर धरून येतो. भाऊबीजेच्या दिवशी तुम्ही मुद्दाम कामात गढून जाता आणि रात्री बारा वाजता डोळे टक्क उघडे असतात, ते असंच घडतं.

मग करायचं काय? माझ्या अनुभवात, ज्याला माणसं एक ओझं म्हणतात ते एक नसतं. तुमचं गाठोडं सोडून पाहिलं तर आत चार वेगळ्या गोष्टी निघतात: अण्णांचं दुःख, जमिनीचा हिशेब, भावावरचा राग, आणि भावाकडून अजून शिल्लक असलेली अपेक्षा. चौघींचा इलाज वेगळा आहे. एकत्र बांधलेल्या असल्यामुळे एकीला हात लावला की चारही हलतात, म्हणून काहीच सुटत नाही.

आधी अण्णा. तुमच्या पत्रात भाऊ दर दोन ओळींनी येतो. अण्णांबद्दल एकच वाक्य आहे, "गेले तेव्हा मी धड रडलेही नाही, पाहुण्यांचं बघत होते." मला ते वाक्य सगळ्यात जड वाटलं. बापाचं दुःख करायचे दिवस कागदपत्रांत गेले. त्यामुळे आजही अण्णांची आठवण निघाली की चार वाक्यांत ती भावाच्या वागण्यावर येऊन थांबते. रागामुळे रडायला वाट राहिली नाही.

तुमच्याच तालुक्यातलं एक उदाहरण देते. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. तुम्ही तेव्हा शाळकरी वयात असाल. त्या गावांतली म्हातारी माणसं आजही ती पहाट सांगतात, तेव्हा सगळं क्रमानं सांगतात: कोण कुठं झोपलं होतं, कुणाला कुणी बाहेर काढलं, कोण राहिलं. डोळे भरतात, पण आवाज टिकतो. गावानं एकत्र बसून, नावं घेऊन ते इतक्यांदा बोललंय. त्याउलट एकट्यानं मनात घोळवलेलं दुःख तसंच राहतं. कॅलिफोर्नियात १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये मोठा भूकंप झाला. योगायोगानं त्याच्या दोनच आठवडे आधी स्टॅनफर्ड विद्यापीठात सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या स्वभावाची पाहणी केलेली होती. ज्यांना आधीपासून एकच गोष्ट उगाळत बसायची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर उदासीची लक्षणं जास्त दिसली, सात आठवड्यांनंतरही.

बोलणं आणि उगाळणं यांतला फरक तुम्हाला प्रश्नावरून ओळखता येईल. "त्यानं असं का केलं? माझ्याच नशिबी का?" या प्रश्नांना तळ नसतो. "त्या दिवशी काय झालं? अण्णा शेवटचं माझ्याशी काय बोलले? मी तेव्हा कुठं उभी होते?" या प्रश्नांना उत्तर असतं, आणि उत्तर मिळालं की मन पुढं सरकतं. म्हणून अण्णांना ओळखणाऱ्या एखाद्या माणसाकडे जाऊन बसा. चुलती, मावशी, माहेरची जुनी शेजारीण, कुणीही. भावाचा विषय निघू द्यायचा नाही, फक्त अण्णांबद्दल बोलायचं. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, तुमच्या माहेरचा मोठा सण. सासरच्या शिवारात तो तितका होत नसेल, तरी या वर्षी तुमच्याच रानात कडब्याची खोप करा, भज्जी-आंबील न्या आणि अण्णा पांडवांची पूजा कशी करायचे ते लेकरांना सांगा. माहेरचं रान गेलं तरी तो सण तुमचाच आहे. तिथं रडू आलं तर येऊ द्या.

आता जमीन. "मला जमीन नको" हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. खरंच नको असेलही. पण स्वतःच्या हक्काबद्दल पक्कं माहीत नसेल तर मन रोज त्याचा हिशेब मांडत बसतं. कायदा असा आहे: २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही. तुम्ही मात्र नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेलं आहे. फसवणूक किंवा दबाव म्हणून तसा दस्त रद्द करून घ्यायची मुदत, ती गोष्ट कळल्यापासून साधारण तीन वर्षांची असते, त्यामुळे ती वाट बंद झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. दस्तात नेमके कोणते गट नंबर आहेत आणि काही मिळकत त्याबाहेर राहिली का, हे वकिलानं पाहायला हवं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. दस्ताची प्रत घेऊन एकदा जा. उत्तर "आता काही होत नाही" असं मिळालं तरी उपयोग होईल, कारण मग तुमचं "नको" खरोखर तुमचं ठरेल. आणि काही शिल्लक निघालं, तर ते मागणं म्हणजे मन मोठं नसणं, असं अजिबात मानू नका. मन हलकं करणं आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बायकांना या दोन्ही एकच असल्यासारख्या शिकवल्या जातात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

हे वाचणाऱ्या इतर बहिणींना एक विनंती. घरात माणूस गेल्यावर निदान काही महिने कोणत्याही दस्तावर सही करू नका. "दुःखातून सावरू द्या, मग बघू" एवढं सांगणं पुरेसं आहे. ज्याला खरंच कागदापुरतं हवं असतं, तो थांबतो.

रागाबद्दल फार लांबवत नाही. एव्हरेट वर्थिंग्टन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्षमा या विषयाचा अभ्यास करत होते, आणि त्याच काळात घरफोडी करायला आलेल्या माणसानं त्यांच्या आईचा खून केला. त्यांच्या मांडणीत क्षमेचे दोन भाग आहेत. एक निर्णयाचा: मी सूड घेणार नाही, वाईट चिंतणार नाही. हा एका दिवसात घेता येतो. दुसरा भावनेचा: आतली जळजळ कमी होणं. याला महिने, कधी वर्षं लागतात आणि ते हुकमानं होत नाही. तुमचा पहिला भाग कधीच झालेला आहे. लोक तुमच्याकडून दुसरा भाग मागतात आणि तो होत नाही म्हणून तुम्ही स्वतःला मनाची लहान समजता. तसं समजू नका. आणि क्षमा केली म्हणून जाणं-येणं सुरू करायलाच हवं, असंही नाही. तो तिसराच विषय आहे आणि त्याला दोन्ही माणसं लागतात.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सहा वर्षांपूर्वीची सही आज तुम्हाला जितका त्रास देत नाही, तितका भावाची वाट पाहणं देतं. एक दिवस त्याला कळेल, तो दारात येईल, "ताई, माझं चुकलं" म्हणेल, ही वाट. पत्रात हे तुम्ही सरळ लिहिलेलं नाही, पण खुणा आहेत. दर दिवाळीला तुम्ही त्याच्यासाठी ओवाळणीचं ताट वेगळं काढून ठेवता. त्याचं व्हॉट्सॲपचं स्टेटस दिवसातून दोनदा पाहता. चुलतभावाला फोन केला की शेवटी "तिकडं काय चाललंय" विचारता. यांतली एकेक गोष्ट लहान आहे, पण प्रत्येक वेळी जखमेवरची खपली निघते.

इथं एक काम करा. तो आलाच, तर नेमकं काय म्हणायला हवं, हे शब्दशः कागदावर लिहा. बहुतेक बायकांचं वाक्य लिहून झालं की त्यात जमीन नसतेच. "तू अण्णांचं माझ्यापेक्षा जास्त केलंस" किंवा "तुला मी परकी मानलं नाही" असं काहीतरी असतं. तुमचं वाक्य निघालं की विचार करा, यातलं किती दुसरं कुणी देऊ शकतं? अण्णांच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही दर आठवड्याला लातूरला जाऊन राहत होता, हे तुमच्या नवऱ्यानं पाहिलंय, चुलतीनं पाहिलंय. त्यांच्या तोंडून ते ऐकायला मागा. सरळ मागा, "मी अण्णांचं केलं, हे तुम्हाला माहीत आहे ना?" मागून घेतलेला शब्द कमी मोलाचा नसतो. उरलेला भाग फक्त भावाकडूनच येऊ शकतो आणि तो बहुधा येणार नाही. या "येणार नाही" चं दुःख करायचं असतं. ते खरं दुःख आहे, नातं जिवंत असताना गमावल्याचं, आणि त्यासाठी तेरावा नसतो. एकदा ते दुःख म्हणून मान्य केलं की वाट पाहणं हळूहळू थांबतं. स्टेटस दिसणार नाही असं म्यूट करून टाका, चुलतभावाला सांगा की तिकडची बातमी मी विचारली तरी सांगू नको. हे आजच करता येण्यासारखं आहे.

या अपेक्षेची किंमत पैशातही मोजावी लागते. तुम्ही सहज लिहून गेलात, "लग्न असं करायचं की त्याला कळलं पाहिजे." ताई, इथं थांबा. लग्नाच्या खर्चाची यादी घ्या, मंगल कार्यालय, बस्ता, जेवणावळ, मानपान, डीजे, आणि प्रत्येक ओळीपुढं लिहा: हे लेकीसाठी, हे व्याह्यांच्या शब्दासाठी, हे भावाला दाखवण्यासाठी. तिसऱ्या रकान्यात जे येईल त्यासाठी सोयाबीनच्या भरवशावर कर्ज काढायचं का? बचत गटातून उचललेले पैसे फेडताना भाऊ समोर नसतो. हलकं, साधं जगायचंय असं तुम्ही म्हणता, त्याची सुरुवात मला त्या तिसऱ्या रकान्यात दिसते. घरातलं सामान कमी करण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि फळही मोठं आहे.

लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर पद्धत सांगते. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेबद्दल लिहिलं. काय घडलं आणि काय वाटलं, हे दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्या-लिहिल्या जास्त उदास वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. नंतरच्या अनेक अभ्यासांत या पद्धतीचा परिणाम सरासरीनं लहान निघाला आहे, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. तरी तुमच्यासारख्या, गोष्ट कधीच पूर्ण न सांगितलेल्या माणसाला मी ती जरूर सुचवते. चार दिवस, पंधरा मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर नाही. पहिल्या दिवशी अण्णांचा शेवटचा आठवडा, दुसऱ्या दिवशी सहीचा दिवस, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत. उरलेले दोन दिवस जे येईल ते. वही कुणाला दाखवायची नाही, नंतर फाडली तरी चालेल. लिहून झाल्यावर लगेच झोपू नका, अर्धा तास काहीतरी हाताचं काम करा. चार दिवसांनंतर थांबायचं, रोजची सवय करायची नाही, नाहीतर पुन्हा उगाळणंच सुरू होतं. आणि ताज्या आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे कुणी करू नये.

लिहिणं जमत नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून बोला. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून माहेरची, भावाची, सासुरवासाची गाऱ्हाणी ओवीतून मोठ्यानं म्हणत. गंगाखेडच्या जनाबाईंची आठवणही जात्यासोबतच निघते. ते गाणं घरातल्या इतर बायका ऐकत असत. जातं गेलं आणि ती ऐकणारी जागाही गेली, हे मला आपल्या भागातल्या बायकांचं मोठं नुकसान वाटतं.

रात्रीसाठी वेगळा उपाय. दुपारची कामं उरकल्यावर रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास या विचारांसाठी ठेवा. रात्री विचार आला की त्याला "उद्या तीन वाजता" असं सांगून वहीत एक शब्द टिपून ठेवा. तीन वाजता मात्र खरंच बसायचं. टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात काळजी करणाऱ्या लोकांवर ही पद्धत तपासली, त्यांची काळजी कमी झाली. पहिला आठवडा जमणार नाही, दुसऱ्या आठवड्यापासून फरक कळतो. विचार दाबायचा नाही, फक्त पुढं ढकलायचा, म्हणून हे अस्वलासारखं उलटत नाही.

राहिलं लग्नाचं. बोलवायचं की नाही, याचं उत्तर भावाच्या लायकीवरून काढू नका. तो आला तर आणि नाही आला तर, दोन्ही वेळी तो दिवस तुम्हाला नीट पार पाडता येईल का, यावरून काढा. येईल असं वाटत असेल तर पत्रिका जरूर द्या. तुमचे मालक आणि एखादा वडीलधारा चुलता, दोघांनी जावं, तुम्ही जाऊ नका. बोलणं एवढंच: "वैशाखात लग्न आहे, मामानं यावं." जमिनीचा, गेल्या सहा वर्षांचा शब्द नाही. व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकून "बघू येतोय का" असं करू नका, त्यातून नवी वाट पाहणं सुरू होईल. आणि अंतरपाटाच्या वेळी मामा म्हणून कोण उभं राहणार हे आजच ठरवून ठेवा. मावसभाऊ, चुलतभाऊ, मानलेला भाऊ, कुणीही चालतो. त्याला तसं सांगा, गुरुजींनाही सांगा. भाऊ आला तर दोघं उभे राहतील. मांडवात ऐनवेळी डोळे दाराकडे लागता कामा नयेत, तो दिवस तुमच्या लेकीचा आहे. बोलावणं देण्याइतकंही मन आज तयार नसेल, तर न बोलावणं हाही निर्णयच आहे. तो घ्या आणि घरात सांगून वाद थांबवा. लेकीला मात्र आधी विचारा, तिचा तो मामा आहे आणि तिचं मत तुमच्यापेक्षा वेगळं असू शकतं.

शेवटी तब्येतीचं. सहा वर्षं झोप मोडलेली आहे आणि गेल्या वर्षापासून भूक नाही, कशात मन लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दुःख सहा महिन्यांहून जास्त काळ तितकंच तीव्र राहिलं आणि रोजचं जगणं अडू लागलं तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत वेगळं स्थान आहे, आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या बाबतीत ते आहे की नैराश्य, हे तपासूनच ठरेल, पत्रावरून मी ठरवणार नाही. तुम्हाला जवळचं म्हणजे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या मानसोपचार विभागात दाखवा. जाणं लगेच शक्य नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल, तर लग्न उरकण्याची वाट पाहू नका, आजच फोन करा आणि मालकांनाही सांगा. पहिल्या भेटीला जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या, आणि थायरॉईड व हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात थकवा आणि झोपेची तक्रार त्यांच्यामुळेही असते.